होडीच्या अंगावरची भोकं

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आकाशवाणीवरून बोलावणं आलं की आमच्या घरी सगळे गृहीत धरतात, कविता म्हणायच्या असणार. या वेळी निर्मात्यांनीच सांगितलं, ‘‘कविता पुढच्या खेपेला. तुम्ही ती होडी दुरुस्त केलीत ना, तिच्याबद्दल बोला.’’ मी म्हटलं, त्यात बोलण्यासारखं काय आहे? फायबरच्या एका जुन्या शिडाच्या होडीला बारीक बारीक भोकं पडली होती. ती बुजवायला चार दिवस लागतील असं वाटलं होतं, सव्वा वर्ष लागलं. ते म्हणाले, ‘‘मग तेच सांगा. सव्वा वर्ष का लागलं?’’

तर तेच सांगतो.

माझा भाचा तेव्हा कुवेतला असायचा. आमच्या कोकणातल्या बऱ्याच मुसलमान घरांतली मुलं असतात तसाच. वर्षातून एकदा चाळीस दिवसांची रजा घेऊन तो जयगडच्या खाडीकाठच्या आमच्या गावी यायचा. त्याचे वडील, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आगबोटीवर सारंग होते. आम्ही त्यांना दुल्हेभाई म्हणायचो. आयुष्यभर लोखंडी जहाजांवर काढली, पण पोरपणी त्यांनी वडिलांबरोबर शिडाचा मचवा हाकला होता आणि म्हातारपणी त्यांच्या तोंडी जहाजं कमी, तो मचवाच जास्त असायचा. एकदा पुन्हा शिडाखाली बसायचं आहे, असं ते म्हणायचे. भाच्याने ते मनावर घेतलं. २०१६ च्या डिसेंबरात, नोटाबंदीच्या गडबडीत, त्याने मुंबईहून एक जुनी फायबरची होडी चेकने विकत घेतली आणि ट्रकवर घालून गावी आणली. वीस फूट लांब, मधोमध वर-खाली होणारं लोखंडी पातं, एक डोलकाठी, दोन शिडं. पांढरीशुभ्र. लग्नघरासारखी दिसत होती.

मी तिच्या अंगावरून हात फिरवला आणि बोटांना काहीतरी लागलं. मोहरीच्या दाण्याएवढी, काही तर सुईच्या टोकाएवढी भोकं. जवळून पाहिलं तर एक नाही, दोन नाही, अंगभर. काहींवर अगदी ताजा रंग होता. विकणाऱ्याने आदल्याच आठवड्यात हात मारून घेतला असणार.

मला हे बोटांना का कळलं, तेही सांगायला हवं. बी.ए. झालो तेव्हा नोकरी मिळत नव्हती. दोन वर्षं मी एका फायबरच्या कारखान्यात होतो. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. तिथे पाण्याच्या टाक्या, दरवाजे आणि मच्छीमारीच्या लहान होड्या बनायच्या. माझं काम हिशेब लिहिण्याचं होतं, पण माणसं कमी पडली की ब्रश हातात यायचा. अंगाला काचेच्या कुसळांची जी खाज सुटते ती ज्याने सोसली आहे त्यालाच कळेल. (ती घालवायची तर चोळायचं नाही आणि गरम पाणी घ्यायचं नाही. थंड पाण्याने नुसतं धुवायचं.) तिथे मी पहिली कविता लिहिली, कच्च्या पावतीच्या मागे. पण ते असो.

आपण ‘फायबर’ म्हणतो, ते खरं तर दोन गोष्टींचं लग्न आहे. एक काचेचे केसासारखे धागे, दुसरं रेझीन. काचेचे असे धागे मोठ्या प्रमाणावर काढण्याची युक्ती अमेरिकेत १९३० च्या दशकात साधली. पॉलिएस्टर रेझीन दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हाताशी आलं आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत जगभर लाकडाच्या जागी या होड्या दिसू लागल्या. आपल्या खाड्यांमधल्या लहान होड्याही आता बहुतेक फायबरच्याच आहेत.

ही होडी बनते उलटी, म्हणजे बाहेरून आत. आधी एक गुळगुळीत साचा असतो. त्याला मेण लावतात आणि सगळ्यात पहिला थर देतात तो जेलकोटचा. जेलकोट म्हणजे रंग घातलेलं दाट रेझीन, जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. त्याच्यावर काचेची मॅट, रेझीन, पुन्हा मॅट, पुन्हा रेझीन. सगळं कडक झालं की साच्यातून काढायचं. जो थर पहिला दिला तो बाहेर येतो आणि चकाकतो. होडीचं सौंदर्य म्हणा, कातडी म्हणा, ती एवढी अर्ध्या मिलिमीटरची. तिच्या आत जे आहे ते कापडासारखं आहे, पाण्यापासून त्याला जपायला हवं.

आता भोकं. ती दिसायला सारखी, पण जातीने तीन प्रकारची.

पहिली जात हवेच्या बुडबुड्यांची. जेलकोट ढवळताना किंवा फवारताना त्यात हवा अडकते. नवी होडी गुळगुळीत दिसते, कारण बुडबुड्यावर पातळ पापुद्रा असतो. पंधरा-वीस वर्षं घासून, पॉलिश करून तो पापुद्रा झिजला की आतला खळगा उघडा पडतो. ही भोकं निरुपद्रवी म्हणता येतील, वेळेवर बुजवली तर. दुसरी जात माराची. धक्क्याला आपटली, कोणी नांगर टाकताना हातातून सुटला, की तिथे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात आणि मधला टवका उडतो. अशा ठिकाणी वरचा खळगा बुजवून भागत नाही, आतली मॅट मोडली आहे का ते पाहावं लागतं.

आणि तिसरी जात फोडांची. खरं दुखणं हे. पण ते सांगण्याआधी माझी चूक सांगतो.

भाच्याच्या रजेचे वीस-बावीस दिवस उरले होते. तो म्हणाला, ‘‘मामू, तुम्हाला तर हे काम येतं. लांबी भरू, घासू, रंग मारू आणि पाण्यात घालू.’’ लांबी म्हणजे मोटारींच्या पत्र्याला भरतात ती पुट्टी. मलाही मोह झाला. कारखान्यात मी नवीन माल बनताना पाहिला होता, जुना माल उघडून कधी पाहिला नव्हता. भोक कसं भरतात ते मला ठाऊक होतं. ते पडलं का, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. आम्ही दोघांनी चार दिवसांत दीड-दोनशे भोकं लांबीने भरली, घासली, रंग दिला. होडी पाण्यात गेली. भाच्याने दहा दिवस खाडीत मनसोक्त शीड लावलं. दुल्हेभाईंचं मात्र तेव्हा नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यात पाण्याचा शिंतोडा जायला नको, म्हणून आपाने त्यांना काठावरच बसवलं. ‘‘पुढच्या साली,’’ ते म्हणाले.

होडी जानेवारीपासून मेपर्यंत खाडीत नांगरावर उभी राहिली. १ जूनला मच्छीमारी बंद होते, त्याच्या आधी गावातल्या सगळ्या होड्या वर ओढतात, त्यांच्याबरोबर आम्ही आमचीही ओढली. आपाच्या वाडीत माडांच्या मागे पत्र्याची शेड आहे, तिथे जुन्या टायरांवर ती आडवी टेकवली. बुडाकडे पाहिलं आणि मी खाली बसलो. आम्ही भरलेली लांबी जागोजागी फुगून सुटली होती आणि तिच्या आजूबाजूला नवे फुगवटे आले होते, गोवर उठावा तसे. काही मसुराएवढे, काही रुपयाच्या नाण्याएवढे. एक मी खिळ्याने फोडला. आतून पाण्याची बारीक चिळकांडी उडाली. वास आंबूस, शिरक्यासारखा, त्यात रेझीनचा उग्रपणा मिसळलेला. नशीब, डोळ्यावर चष्मा होता. ते पाणी आम्लधर्मी असतं आणि आत दाबाखाली असतं. फोड फोडायचा तर डोळे झाकूनच फोडायला हवा, हे मला नंतर कळलं.

असं का होतं? आपल्या स्वयंपाकघरातलं उदाहरण घ्या. शीरखुर्म्यासाठी आपण मनुका पाण्यात भिजत घालतो. दोन-तीन तासांत त्या टरारतात. मनुकेच्या सालीतून बाहेरचं पाणी आत शिरतं, कारण आत साखर दाटलेली असते. पाणी पातळाकडून दाटाकडे जातं. साखरेला मात्र त्याच सालीतून तितक्या सहज बाहेर येता येत नाही. शास्त्रात याला परासरण म्हणतात. फायबरच्या होडीचा जेलकोट ही अशीच एक साल आहे. आपल्याला ती पक्की वाटते, पण वर्षानुवर्षं पाण्यात राहिली की वाफेच्या रूपाने पाणी तिच्यातून अगदी हळूहळू आत झिरपतं. आत रेझीनमध्ये काही द्रव्यं अर्धवट राहिलेली असतात, पाण्यात विरघळणारी. ती विरघळतात आणि तिथे दाट द्रव तयार होतो. दाट द्रव आणखी पाणी ओढतो. जागा तर वाढत नाही, मग दाब वाढतो आणि जेलकोट फुगून उठतो. वर पाणी रेझीनलाही कुरतडत असतं, त्यातून आणखी आम्लं सुटतात. पाणी उबदार असेल तर हे सगळं लवकर होतं आणि आपल्या खाड्यांचं पाणी उबदारच.

मोटारीची लांबी का सुटली, तेही त्यातच आलं. तिच्यात भुकटी भरलेली असते, ती पाणी पिते. मोटारीच्या दरवाजावर पाऊस पडून ओघळून जातो, होडीचं बूड चोवीस तास पाण्यात असतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आम्ही ओल्या अंगावर ती भरली होती. आतलं पाणी आम्ही आपल्या हाताने कोंडलं.

दुल्हेभाईंना हे पटवणं कठीण गेलं. लाकडी गलबताचं गणित उलटं असतं ना. तिथे फळ्यांमधल्या फटींत कापूस ठासतात, वर राळ भरतात. त्याला कलाफत म्हणतात. शब्द अरबीतून आलेला आहे. दर्यावर्दी लोकांबरोबर तो किती बंदरं हिंडला असेल! तर कलाफत केलेलं गलबत पाण्यात घातलं की पहिले दोन दिवस गळतं, मग लाकूड फुगतं आणि फटी आपोआप आवळतात. पाणीच तिथे भोक बुजवतं. दुल्हेभाई म्हणाले, ‘‘म्हणजे तुझी ही काचेची बाई पाणी पिऊन फुगते, पण मिटत नाही.’’ मी म्हटलं, हो, तसंच. मग त्यांना जहाजावरचं काही आठवलं. उठले, घरातून स्क्रू ड्रायव्हर आणला आणि त्याच्या मुठीने होडीच्या अंगावर ठोकत सुटले. जहाजाच्या रंगाखाली गंज कुठे आहे ते त्यांनी चाळीस वर्षं हातोडीच्या आवाजावरून ओळखलं होतं. जिथे अंग धड होतं तिथे टणक, कोरडा आवाज यायचा. जिथे थर सुटले होते तिथे भद्द. नारळ पारखावा तसं. ते ठोकत गेले आणि मी मागून पेन्सिलीने गोल काढत गेलो. दिसणाऱ्या भोकांपेक्षा न दिसणारी जागा जास्त निघाली.

ही पेन्सिल फार महत्त्वाची. घासायला लागल्यावर सगळं अंग धुळीने सारखं दिसू लागतं आणि कुठलं भोक कुठे होतं ते विसरायला होतं.

जून महिन्यात आम्ही सगळे फोड उघडले. भोक बुजवण्याआधी ते मोठं करावं लागतं, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण सुईच्या टोकाएवढ्या भोकात काहीही नीट शिरत नाही, तोंडाशी अडकतं आणि खाली हवा राहते. म्हणून लहान भोकांचं तोंड बशीसारखं पसरट करायचं, ड्रिलला निमुळतं पातं लावून. फोडांचा सुटलेला जेलकोट पार काढून टाकायचा, खाली घट्ट, कोरड्या रंगाची मॅट लागेपर्यंत. खाली पांढरट, मऊ, भिजल्यासारखी मॅट दिसली तर अजून आत जायचं. तोंडाला मास्क, डोळ्यांना गॉगल, पूर्ण बाह्यांचा सदरा. काचेची धूळ फुप्फुसात जाणं चांगलं नाही.

मग धुणं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, वाचून कळलं. उघड्या खळग्यांत मीठ आणि ती विरघळणारी द्रव्यं राहिलेली असतात. ती तशीच ठेवली तर होडी वाळतच नाही, ती द्रव्यं हवेतलीच ओल ओढत राहतात. गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायला हवं. आता आमच्याकडे पावसाळ्यात गोड्या पाण्याला काय तोटा! पन्हाळीखाली पिंपं लावली. चार-पाच दिवसांनी एकदा मी ब्रश घेऊन जायचो आणि होडीला आंघोळ घालायचो. पाऊस पडत असताना पत्र्याखाली बसून होडी धुणारा माणूस पाहून गावातली पोरं हसायची. सप्टेंबरच्या शेवटी तो आंबूस वास गेला.

पाऊस संपला आणि वाळवणं सुरू झालं. होडी वाळली की नाही हे कसं ओळखायचं? त्यासाठी ओल मोजण्याचं यंत्र मिळतं. आमच्याकडे नव्हतं. साधी युक्ती अशी : जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा हातभर चौकोन कापायचा आणि चारही कडांना चिकटपट्टी लावून बुडाला घट्ट चिकटवायचा. एक-दोन दिवसांनी पाहायचं. अंगात ओल असेल तर प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव धरतं. मी असे सहा चौकोन लावले. ऑक्टोबरभर सगळ्यांत थेंब.

नोव्हेंबरच्या मध्यावर भाचा आला. त्याच्या आधी तीन आठवडे दुल्हेभाईंना छातीत दुखायला लागून रत्नागिरीला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. परत आले, पण चेहरा उतरला होता. जिना चढायला मनाई. भाच्याने होडी पाहिली. अंगभर खळगे, पेन्सिलीची वर्तुळं आणि सहा प्लॅस्टिकचे चौकोन. चारांत अजून थेंब होते. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘मामू, अब्बांकडे किती वेळ आहे कोणाला ठाऊक. मला डिसेंबरअखेर जायचंय. तुम्ही थेंब मोजत बसलात.’’

मला उत्तर सुचेना. तो बरोबरच बोलत होता. होडी दहा दिवसांसाठी पाण्यात घालायला काय हरकत होती? भोकं बुजवून, रंग मारून दहा दिवस खेळवली असती तर ती काही बुडाली नसती. मग पुन्हा सगळं उघडलं असतं. मी दोन रात्री याच विचारात काढल्या. कविता लिहिताना मी इतका कधी जागलो नाही. तिसऱ्या दिवशी मी भाच्याला सांगितलं, ‘‘भरू या.’’

दुल्हेभाईंना कळलं तसे ते आपाचा हात धरून शेडमध्ये आले. खुर्ची मागवली. बसल्या बसल्या प्लॅस्टिकच्या एका चौकोनावर बोट टेकवलं. आतला थेंब ओघळला. मग एका जहाजाची गोष्ट सांगितली. गोदीत होतं, माल भरायचा होता, मालकाला घाई होती, तेव्हा पाऊस पडून गेल्यावर दोन तासांत पोलादाला रंग मारायला लावला. पुढच्या बंदरापर्यंत रंगाच्या पोळ्या सुटल्या. ‘‘आणि तो रंग कोणी खरवडला? मी. शायर, तू यात पुट्टी भरलीस तर खरवडायला मी नसेन. राहू दे.’’ मुलाला म्हणाले, ‘‘तू जा. मी थांबतो.’’

भाचा डिसेंबरअखेरीस कुवेतला गेला. आपा माझ्याशी आठवडाभर धड बोलली नाही.

थंडीत कोकणात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो, त्याला मतलई म्हणतात. दुपारनंतर समुद्राकडून येतो तो खारा. मतलई कोरडा. मी रोज पहाटे शेडच्या पूर्वेकडच्या झापा काढायचो आणि दुपारी पुन्हा लावायचो. खारा वारा आला की होडी पुन्हा ओल पिते की काय, अशी मला भीती. जानेवारीच्या मध्यावर सहाही चौकोन कोरडे झाले. तरी आणखी दहा दिवस थांबलो.

आता भरणं. इथे दोन रस्ते आहेत आणि लोक गल्लत करतात. पाण्याच्या रेघेवरचं अंग, जे दिसतं आणि उन्हात असतं, तिथे जेलकोटच वापरायचा. पाण्याच्या रेघेखाली इपॉक्सी. इपॉक्सी पाण्याला जास्त दाद देत नाही आणि जुन्या पॉलिएस्टरवर चांगली चिकटते. पण उलट चालत नाही. इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट धड चिकटत नाही. म्हणून एखादं भोक एकदा इपॉक्सीने भरलं की वरून रंगच द्यावा लागतो.

खाली आम्ही इपॉक्सीत एरोसिलची भुकटी घालून लोण्यासारखं दाट केलं. एरोसिल म्हणजे अतिशय हलकी सिलिका, उघड्या तोंडाने ओतली तर हवेतच उडते. भोक ॲसिटोनच्या स्वच्छ फडक्याने पुसायचं, पूर्ण उडून जाऊ द्यायचं, आधी साध्या पातळ इपॉक्सीचा हात द्यायचा आणि मग दाट मिश्रण पत्रीने एका बाजूने दाबत भरायचं, हवा दुसरीकडून निघून जाईल असं. जिथे मॅटचे थर गेले होते तिथे नुसतं भरून भागत नाही. तिथे कडा लांबवर उतरत्या घासाव्या लागतात, खोलीच्या दहा-बारा पट. म्हणजे खळगा तीन मिलिमीटर खोल तर चहूबाजूंनी तीन-साडेतीन सेंटिमीटर उतार, आणि त्यात काचेच्या कापडाचे लहानमोठे गोल तुकडे एकावर एक. असे खळगे आमच्याकडे सात निघाले.

इपॉक्सीत हार्डनर जेवढा सांगितलाय तेवढाच घालायचा. लवकर वाळावी म्हणून जास्त घालणारे आहेत. ती लवकर वाळत नाही, कच्ची राहते. आणि दमट हवेत ती वाळली की वर मेणचट, साबणासारखा थर येतो. तो पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचा हात द्यायचा नाही. आमच्या हवेत हे विसरून चालत नाही.

जेलकोटला हार्डनर शंभराला एक ते दोन. पन्नास ग्रॅम जेलकोटला एक ग्रॅम म्हणजे काही थेंब. मी सोनाराकडचा छोटा काटा उसना आणला. हा हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. आणि रेझीन पेटवायला कोबाल्ट नावाचं जांभळट द्रव्य वापरतात, ते या हार्डनरमध्ये थेट कधीही मिसळायचं नाही. भडका उडतो, स्फोटही होतो. आमच्या कारखान्यात दोन्ही बाटल्या दोन वेगळ्या कपाटांत असायच्या आणि किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे. घरी करणाऱ्याने कोबाल्ट आधीच मिसळलेला जेलकोट घ्यावा, म्हणजे तो प्रश्नच येत नाही.

जेलकोटची आणखी एक खोड आहे. हवा लागली की त्याचा वरचा थर चिकट राहतो, कडक होत नाही. साच्यात तो झाकलेला असतो म्हणून तिथे कळत नाही. भोक भरलं की वर पारदर्शक कागद किंवा चिकटपट्टी ताणून लावायची. दुसऱ्या दिवशी ती ओढली की खाली चकचकीत ठिपका. भरताना किंचित फुगीर ठेवायचा, कारण सुकताना तो आक्रसतो.

रंग जुळवणं हे मात्र खरं कवीचं काम, असं मला उगाच वाटलं होतं. होडी पांढरी, म्हणून मी पांढरा जेलकोट लावून पाहिला. दात नवा बसवावा तसा दिसला. तीस वर्षं ऊन खाल्लेलं पांढरं हे पांढरं नसतं. त्यात पिवळ्याचा एक थेंब, काळ्याचा सुईच्या टोकाएवढा, मग तपकिरी. ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळा, म्हणून प्रत्येक मिश्रणाचा ठिपका बुडाजवळ लावून वाळू द्यायचा. तेराव्या ठिपक्याला जुळलं. मग पाणी लावून पॉलिश पेपर, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, आधी ३२० नंबर, मग ६००, मग १०००, शेवटी पॉलिश. नुसत्या बोटाने घासलं तर खड्डा पडतो. ठिपक्याभोवती चिकटपट्टी लावून ठेवायची, नाहीतर चांगला जेलकोट झिजतो आणि नवी भोकं आपणच उघडी करतो. बुडाला इपॉक्सीचे चार हात दिले आणि वर शेवाळ-कालवं धरू नयेत म्हणून लावतात तो रंग.

२०१८ च्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात होडी पाण्यात गेली. पहाटे मतलईवर निघालो की खाडीच्या मुखाकडे आपोआप जाता येतं आणि दुपारी खारा घरी आणून सोडतो. जुने लोक असाच वेळ साधायचे. दुल्हेभाईंना चौघांनी उचलून आत बसवलं. सुकाणूचा दांडा हातात आल्यावर त्यांनी मला पहिल्यांदा काय सांगितलं असेल? ‘‘शायर, शीड जरा सैल सोड. घाई कसली.’’ समोर जयगडचा किल्ला येईपर्यंत ते दुसरं काही बोलले नाहीत. मी फोनवर कुवेतला लावून दिलं. भाचा ड्युटीवर होता, चित्र सारखं तुटत होतं. अब्बांचा अर्धा चेहरा आणि अर्धं शीड त्याला दिसलं.

त्या मोसमात दुल्हेभाई अकरा वेळा बसले. पुढच्या वर्षी मुलाबरोबर तीनदा. २०२० साली ते गेले.

होडी दर मेअखेरीस वर येते. आता ठोकायचं काम भाचा करतो, कुवेत कायमचं सोडून आलाय. वडिलांचाच स्क्रू ड्रायव्हर. या वर्षी नाळेजवळ तीन ठिकाणी आवाज थोडा वेगळा वाटला. त्याला वाटतो, मला वाटत नाही. तरी पेन्सिलीने गोल काढून ठेवलेत आणि प्लॅस्टिकचे चौकोन ऑक्टोबरात लावायचं ठरलंय.